बावीस सेकंदांची जागा

कवळीवाल्याच्या घरात एकोणीस वर्षं एकच भांडण नांदलं, आणि तेही कॉम्प्युटरवरून. इतर नवरा-बायको सासर-माहेर, पंखा किती वर ठेवायचा अशा रीतसर विषयांवर भांडतात. हे दोघं मॅक बरा की विंडोज बरा यावर भांडत. तो दिवसभर दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवायचा, ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काचपट्ट्या पाहायची, आणि संध्याकाळी दोघं मागच्या खोलीतल्या लांब टेबलाशी बसून गाणी करायची. गाणी म्हणजे शब्दांवाचूनची. त्याचा कीबोर्ड आणि तिचं व्हायोलिन. टेबलाच्या डाव्या बाजूला तिचा मॅक, उजव्या बाजूला त्याचा विंडोज. मध्ये रेघ आखलेली नव्हती, पण दोघांनाही ती दिसायची.

"तुझ्या मशीनची आधी मनधरणी करावी लागते, मग ते कामाला लागतं," ती म्हणायची.

"आणि तुझं नुसतं देखणं. माझं ऐकतच नाही," तो म्हणायचा. "घरात तसं एक माणूस आहे, पुरे झालं."

तिचं सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालायचं, त्याचं फक्त विंडोजवर. माघार कोणीच घेतली नाही. त्याऐवजी एक रीत पडली. घरात एक हिरवा पेनड्राइव्ह होता. तिने व्हायोलिन वाजवलं की नुसती आवाजाची फाइल त्यात भरून तो त्याच्या बाजूला सरकवायचा. त्याने फाइल उतरवून घ्यायची, पेनड्राइव्ह पुसून रिकामा करायचा, आपलं वाजवून झालं की ते त्यात भरायचं आणि तिच्या बाजूला सरकवायचा. नियम एकच होता. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झाली पाहिजे. व्हायोलिन तिसऱ्या मिनिटाला येणार असेल, तर आधीची तीन मिनिटं कोरी शांतता फाइलीत तशीच ठेवायची. मग समोरच्याने ती फाइल शून्यावर नेऊन ठेवली की सूर आपोआप आपापल्या जागी पडतात. कोणाला काही विचारावं लागत नाही.

वाजवण्यावरून एकमेकांना नावं ठेवणं मात्र रोजचं. त्याचं वाजवणं चौकोनी, ठोक्याला ठोका, आणि गाणं कधी एकदा आटपतो अशी घाई. ती त्याला ठोकळा म्हणायची. तिला हातातला सूर सोडवत नसे. साधं गाणं सुरू करायला दीड मिनिट घ्यायची, आणि संपवायचं म्हटलं की तोंड पाडायची. तो तिला पाल्हाळबाई म्हणायचा.

सात महिन्यांपूर्वी पाल्हाळबाई काहीही न लांबवता गेली. सोमवारी सकाळी तिने पेनड्राइव्ह त्याच्या बाजूला सरकवला आणि म्हणाली, "घे, आता तुझी पाळी." त्याने फाइल उतरवली, सवयीने पेनड्राइव्ह पुसला, संध्याकाळी ऐकू म्हणाला. संध्याकाळी ते हॉस्पिटलात होते. गुरुवारी ती नव्हती.

लोक आले, रडले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. तो रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर कसला आलाय. दात काढताना डॉक्टर सुई देतो आणि आपला ओठ आपला वाटेनासा होतो, तसा हा सगळाच्या सगळा झाला होता. ओठ दोन तासांत ताळ्यावर येतो. हा येईना. जेवायचा, कामावर जायचा, कवळ्या बिनचूक करायचा. एका म्हातारीने आरशात हसून पाहिलं आणि त्याचे हात धरले, तर हा मनात म्हणाला, आता इथे आपण हसायला हवं. आणि हसला.

तिसऱ्या महिन्यात त्याने ती चूक केली. मशीनवर जागा संपल्याची सूचना रोज येत होती. एका रविवारी तो आवराआवर करायला बसला. सॉफ्टवेअरमध्ये शांतता कापून टाकायची सोय होती. फाइलीतला नुसता कोरा भाग काढायचा, आवाज तेवढा ठेवायचा. त्याने ती तिच्या आख्ख्या फोल्डरवर चालवली. मशीनने विचारलं, मूळ फायली पुसू का? त्याने हो म्हटलं. एकोणीस वर्षं ज्याने तो नियम डोळ्यात तेल घालून पाळला, त्याच माणसाने.

जुनी गाणी पूर्ण झालेली होती, त्यांना धक्का लागला नाही. शेवटचं गाणं तेवढं अर्धवट होतं. त्यातली तिची सोमवारची फाइल आता नुसतं एक मिनिट दहा सेकंदांचं व्हायोलिन होती. ते गाण्यात कुठे पडायचं हे फक्त आधीच्या शांततेला माहीत होतं, आणि ती याने कचऱ्यात घातली होती. गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं. त्याने ते व्हायोलिन सुरुवातीला ठेवून पाहिलं, मध्ये ठेवून पाहिलं, शेवटाकडे सरकवलं. कुठेही ठेवलं तरी ते त्याच्या कीबोर्डच्या पायात पाय घालायचं. दोन महिने हे भिजत घोंगडं तसंच पडलं.

तिचा मॅक तोपर्यंत बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "मशीन गेलं. पण आतली डिस्क धडधाकट आहे. सगळं आहे त्यात." त्याने डिस्क काढून एका छोट्या डबीत बसवून दिली. म्हणजे व्हायोलिनची जागा त्या डबीत होती. फक्त ती उघडायला मॅक हवा होता.

आणि नेमकं याच सुमाराला मुलीने मनावर घेतलं.

"बाबा, हे घर तुम्हाला एकट्याला खायला उठतं. आमच्याकडे या. खोली लहान आहे, पण टेबल बसेल."

"एवढं लांब टेबल?"

"एवढं नाही. लहान. एक कॉम्प्युटर मावेल असं."

जावई भला माणूस. त्याने सासऱ्याचा विंडोजही चालू करून पाहिला, तो चालू होईपर्यंत आंघोळ करून आला, आणि म्हणाला, "बाबा, हाही आता अखेरच्या घटका मोजतोय. एकच नवीन घेऊ, पण चांगला घेऊ. मॅक की विंडोज, तेवढं सांगा." मग त्याने वेग, पडदा, पंख्याचा आवाज असं काय काय वाचून दाखवलं. कवळीवाल्याने मान डोलवली. त्याला त्यातलं सगळं कळत होतं आणि त्याचं कशाशीच देणंघेणं नव्हतं. घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. विंडोज घेतला तर तिची एकोणीस वर्षं त्या डबीत कुलूपबंद. मॅक घेतला तर स्वतःची. आता साठीला टेकताना नवं सॉफ्टवेअर शिकून शून्यापासून वाजवायला बसणं त्याच्याने होणार नव्हतं.

"आईचाच प्रकार घ्या ना," मुलगी हळूच म्हणाली. "तिची सगळी गाणी उघडतील."

"हं," तो म्हणाला.

तिला वाटलं, ठरलं. त्यालाही तसंच वाटलं. शनिवारी दुपारी तो खिशात डबी घालून वाद्यांच्या मोठ्या दुकानात गेला.

दुकानात काउंटरवर एक चष्मा कपाळावर चढवलेली बाई होती. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं, बोलण्याला एकही फाटा फोडला नाही, आणि मांडून ठेवलेल्या मॅकपाशी नेलं. "यात तुमच्या मिसेसचंच सॉफ्टवेअर आहे. जोडून बघा आधी. घेण्याचं नंतर."

त्याने डबी जोडली. पडद्यावर नावांची यादी आली. दोनशे, अडीचशे गाणी, सगळ्यांना तिने ठेवलेली लांबलचक नावं. त्याने बाकी काही उघडलं नाही. शेवटचं उघडलं.

एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदा तिच्या बाजूला बसला होता. वर त्याच्या कीबोर्डच्या पट्ट्या होत्या, शून्यापासून, शिस्तीत, तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर तोडल्यासारख्या संपणाऱ्या. तिचं व्हायोलिन त्याला दिसेना. त्याने पडदा उजवीकडे सरकवला. गाणं संपलं. त्याने आणखी सरकवला. तेव्हा ते दिसलं. चार मिनिटं दोन सेकंदांना सुरू होणारं.

म्हणजे ते व्हायोलिन गाण्यात कुठेच बसत नव्हतं, कारण ते गाण्याच्या पुढचं होतं. याच्या लेखी गाणं संपलं होतं. तिच्या लेखी संपलं नव्हतं. आणि याचा शेवट ते तिची सुरुवात यांच्यामध्ये बावीस सेकंदांची एक पट्टी होती. तिला हिरवा रंग दिलेला होता, आत आवाज काहीच नव्हता. पट्टीवर नाव लिहिलं होतं: ठोकळा, घाई नको.

कवळीवाला ते वाचत बसला. काउंटरवरच्या बाईने कोणालातरी गिटारच्या तारा काढून दिल्या, सुट्टे दिले, परत आली, तरी तो बसलेलाच होता. आपल्याला आता रडू यायला हवं, असं त्याला वाटलं. आलं नाही. छातीत काहीतरी हललं, एखादा जड खोका कोणी बोटभर सरकवावा तेवढंच.

"सापडलं?" बाईने विचारलं.

"सापडलं." त्याने पावतीच्या मागे आकडे लिहून घेतले. तीन चाळीस. चार दोन.

"मग हाच बांधून देऊ?"

"नाही," तो म्हणाला. आपल्या तोंडून हे निघाल्याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "विंडोज द्या."

बाईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. "अहो, पण तुमच्या मिसेसची एवढी गाणी आहेत ह्यात. ती परत उघडणार नाहीत."

"माहीत आहे."

"मग?"

"तिचं काम तिच्या बाजूला झालेलं आहे. राहिलंय ते माझं." तो डबी काढत म्हणाला. "आणि माझं मी माझ्याच बाजूला करतो. आमच्यात तसंच आहे."

डबी त्याने खिशात टाकली. ती अडीचशे गाणी तिच्या बाजूने आता कोणी उघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि बसस्टॉपपर्यंत तो खिशावर हात ठेवून चालला.

मुलगी थोडी रुसली. "एवढं जाऊन तेच घेऊन आलात!" मग तिच्या घरातल्या खोलीत लहान टेबल भिंतीला लागलं. कवळीवाल्याने कॉम्प्युटर अगदी उजव्या कडेला ठेवला, इतका की जावयाने दोनदा तो मध्ये सरकवला आणि याने दोनदा परत कडेला नेला. डावीकडे वीतभर जागा मोकळी राहिली.

बावीस सेकंद म्हणजे किती? एक कवळी धुऊन पुसायलाही पुरत नाहीत. त्याला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी त्याने ठोक्याला ठोका वाजवलं, आणि ते व्हायोलिनच्या दाराशी जाऊन आदळलं. दुसऱ्या रविवारी भरमसाट वाजवलं, सगळं पुसलं. तिसऱ्या रविवारी दुपारी मुलगी आणि जावई बाहेर गेले होते. त्याने कमी वाजवलं. एक सूर धरला आणि सोडायची वेळ आली तेव्हा सोडला नाही. तो लांबत गेला आणि व्हायोलिन त्याच्या आतूनच सुरू झालं, आपलं रोजचं दार उघडून आत यावं तसं.

मग त्याने आपली फाइल काढली. मशीनने विचारलं, सुरुवातीची शांतता कापू का? तो नाही म्हणाला. मोठ्याने म्हणाला, रिकाम्या खोलीत.

आणि रीतीप्रमाणे, द्यायच्या आधी फाइल तपासायची म्हणून, त्याने ती एकदा शून्यापासून लावली. तीन मिनिटं चाळीस सेकंद काही नाही. पुढे ढकलता आलं असतं, त्याने ढकललं नाही. कानांवर हेडफोन घालून तो त्या शांततेत बसला. पहिलं मिनिट नेहमीसारखं गेलं. दुसऱ्या मिनिटाला त्याच्या लक्षात आलं, की हे तिने एकोणीस वर्षं केलं. त्याची प्रत्येक फाइल ती अशीच, सगळी कोरी मिनिटं न ढकलता, डाव्या बाजूला मान कलती करून ऐकायची. तो चिडायचा, वेळ काय फुकट घालवतेस. ती हात वर करायची, थांब, येतोयस तू.

तिसऱ्या मिनिटाला त्याला तिची आठवण आली. गेल्यापासून पहिल्यांदा. लोकांनी विचारल्यावर द्यायची ती नव्हे, खरी. ती हवी होती त्याला. आत्ता, इथे, या टेबलाशी. तीन चाळीसला त्याचा कीबोर्ड वाजला आणि तो त्याला नीट ऐकू आला नाही, कारण तो हुंदके देत होता.

संध्याकाळी मुलगी खोलीत केर काढायला आली. टेबलावर डावीकडच्या मोकळ्या जागेत हिरवा पेनड्राइव्ह होता. तिने उचलला.

"बाबा, हा रिकामा आहे का? मला ऑफिसच्या कामाला हवाय एक."

"नको घेऊस. भरलेला आहे."

"कोणाला द्यायचाय?"

कवळीवाला कॉम्प्युटर झाकत होता. त्याचे डोळे सुजलेले होते, ते तिला तेव्हा दिसले.

"दिलाय," तो म्हणाला. "आता तुझ्या आईची पाळी आहे."

मुलीने पेनड्राइव्ह होता तिथेच, डाव्या बाजूला, परत ठेवला, आणि टेबलाखालचा केर काढला.