दुसरी वेलांटी

छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना इमारतीतले सगळे वेलांटीकाका म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. जिन्याखालच्या फळ्यावर कोणी ‘उद्या पाणि येणार नाही’ असं लिहिलं, की हे खिशातून लाल पेन काढून आधी वेलांटी दुरुस्त करणार, पाण्याचं मग बघू. पुढे दोन्ही डोळ्यांतला उजेड हळूहळू गेला. पेन खिशात राहिलं, आणि चुका पकडायचं काम कानांनी आपल्याकडे घेतलं. बातम्या देणाऱ्यांची त्यामुळे रोज खरडपट्टी निघायची. बिचाऱ्यांना ती ऐकू जात नव्हती, म्हणून बरं.

लेकीने बैठकीच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला होता. त्यावर जगभरातल्या मालिका हव्या तेव्हा लावता येत. काका-काकू त्यातल्या एकीच्या पुरते नादी लागले. एका बेटावर प्रवासी होडी चालवणारी बाई, तिचा म्हातारा बाप आणि त्यांच्या होडीवर डोळा ठेवून असलेला एक कंत्राटदार, अशी ती गोष्ट. पहिले दोन सीझन मराठी आवाजात होते, त्यामुळे काकांचं काही अडलं नाही. तिसरा आला तो त्या लोकांच्याच भाषेत. मराठी फक्त खाली, अक्षरांत.

“बंद कर,” काका म्हणाले. “मला काय उपयोग?”

काकूंनी रिमोट हातात घेतला, पण दाबला नाही. मग म्हणाल्या, “मी वाचून दाखवू?”

काका चमकलेच. चाळीस वर्षांत बायकोने त्यांच्यासमोर एक ओळ वाचली नव्हती की लिहिली नव्हती. वाण्याकडची यादीसुद्धा ती तोंडी सांगायची आणि हे लिहून घ्यायचे. याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे काका स्वतःच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती माहेरी असताना काकांचे सासरे, तिचे तात्या, वारले. तिने पत्राने कळवलं. काकांनी ते पत्र वाचलं, आणि हातात लाल पेन होतंच, तर एकेक चूक दुरुस्त करून, समासात खुणा करून, उलट टपाली परत पाठवलं. नवी बायको, शिकेल, असं वाटलं त्यांना. ते स्वतः पोचले ते दुरुस्त केलेलं पत्र पोचल्यानंतर चार दिवसांनी. त्यावर ती कधी भांडली नाही. तिने फक्त लिहिणं सोडून दिलं. काय केलं आपण, हे काकांना फार उशिरा उमगलं, आणि उमगल्यावर ते निस्तरायचं कसं, हे काही उमगलं नाही.

तर ती काकू रोज पाच वाजता, चहाचे कप बाजूला सारून, मोठ्याने वाचू लागली. सुरुवातीला अडखळत, मग तोंडात बसल्यावर झरझर. कंत्राटदाराला ती असा काही खत्रूड आवाज द्यायची की काका हसून हसून खोकायचे. दिवसभर त्यांचं लक्ष घड्याळाच्या ठोक्यांकडे असायचं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा आवाज त्यांनी एवढा वेळ सलग कधी ऐकलाच नव्हता, ही गोष्टही त्यांना तेव्हाच कळली.

दुसऱ्या भागात होडीवाली बाई घरात आली, दार लागलं, आणि ती एक छोटंसं वाक्य बोलून ढसाढसा रडू लागली.

“वकील गेले,” काकूंनी वाचलं.

काकांनी कान टवकारले. वकील? या गोष्टीत वकील कधी आला? तिथे ‘वडील’ असणार, हे त्यांना तत्क्षणी कळलं. एका अक्षराची चूक. अशा चुका त्यांनी पोत्याने धरल्या होत्या. शब्द अगदी जिभेवर आला. पण जिभेवर आलं ते त्यांनी तसंच गिळलं. आपण आत्ता ‘वडील’ म्हणालो, तर उद्या पाच वाजता हा आवाज नसेल, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं.

मग पुढचे सहा भाग वकिलांचेच झाले. वकिलांचा कोट, वकिलांची खुर्ची, वकिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेली होडी. अख्खं बेट त्या वकिलासाठी हळहळत होतं. वकील गेल्यावर एवढं रडणारी माणसं काकांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पण ते मान डोलवत, “अरेरे” म्हणत, आणि गप्प बसत.

शेवटच्या भागाच्या दिवशी लेक आली होती. मागच्या भागांतली मुख्य दृश्यं आधी दाखवतात, त्यात ते रडणं पुन्हा आलं.

“वकील गेले,” काकू म्हणाल्या.

“वकील काय, आई!” लेक खोखो हसली. “वडील! वडील गेले म्हणतेय ती. चष्मा बदल बाई तू.”

काकूंचं वाचणं तिथेच थांबलं.

“वकीलच आहे ते,” काका ठासून म्हणाले. “मी आठ भाग ऐकतोय. तू आज आलीस.”

“बाबा, स्क्रीनवर लिहिलंय! आणि तुम्ही, तुम्ही चूक सोडून देताय?”

“असू दे. तिला वाचू दे.”

लेकीने आईकडे वळून पाहिलं. पण काकू उठून आत गेल्या होत्या. तो भाग तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. काका आपल्या खुर्चीत बसले होते. चहा आला, कप गेले, टीव्ही लागला नाही. सव्वापाच झाले. स्वयंपाकघरात ताटं पुसून रचल्याचा आवाज येत होता. एक ताट दोन-दोनदा पुसलं जात होतं.

“अगं, पाच वाजून गेले.”

“लेकीला सांगा. ती बरोबर वाचते.”

काका तसेच बसून राहिले. मग उठले, भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

“तुम्हाला कळलं होतं?” काकूंनी विचारलं.

“पहिल्याच दिवशी.”

“मग बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर तू कालच्यासारखी उठून गेली असतीस. मला ते नको होतं.”

ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

“मी वडीलच वाचलं होतं,” काकू म्हणाल्या. “पण तोंडातून काढायच्या वेळी मनात आलं, पहिली वेलांटी की दुसरी? बोलताना वेलांटी ऐकू येत नाही, एवढं मलाही कळतं हो. तरी जीभ अडली. आणि तुमच्यासमोर चुकायला नको, म्हणून भलतंच बोलून बसले. मग तेच पुढे चालवलं.”

काकांना त्या पत्राची पहिली ओळ दिसली. ‘वडिल गेले.’ डि पहिली. त्यांनी तिच्याभोवती गोल करून वर दुसरी काढली होती.

“सतरा चुका होत्या,” ते हळूच म्हणाले. “त्या सगळ्या मला अजून आठवतात. पण पत्रात पुढे काय लिहिलं होतंस, ते आठवत नाही. मी ते वाचलंच नसावं. सांगशील?”

तिने हातातलं फडकं दांडीवर टाकलं. मग तिने सांगितलं, पाठ असल्यासारखं. सकाळी तात्यांनी हाक मारली ती मला वाटलं पाण्यासाठी. आई काही खात नाही. घरात माणसं खूप आहेत, पण मला एकटीला काही सुचत नाही.

“सगळीकडे लाल होतं,” ती म्हणाली. “शेवटची ओळ तेवढी तुम्ही तशीच ठेवली होती.”

“कुठली?”

“‘लवकर या.’”

वेलांटीकाकांनी दाराची चौकट धरली. ते दोन शब्द त्यांनी मनातल्या मनात अक्षर अक्षर तपासले. त्यात वेलांटी नव्हती, पहिलीही नाही आणि दुसरीही नाही.