फणीच्या गाड्या

त्याला सगळे फणी म्हणत. त्याने झाडलं की रस्त्याच्या धुळीत खराट्याच्या रेघा अशा उमटायच्या, जणू कुणी रस्त्याला न्हाऊ घालून त्याचे केस विंचरले असावेत. बाकीचे कचरा काढत. हा कचरा काढून वर भांगही पाडायचा.

एकतीस वर्षं त्याच्याकडे एकच रस्ता होता. बस थांब्यापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत. मधे कोपऱ्यावर किल्लीवाल्याची टपरी आणि पलीकडच्या कडेला सात मोठी झाडं. झाडताना तो देवाचं गाणं म्हणायचा. आवाज फाटका, सूर लागलाच तर चुकून. मुकादम ओरडायचा, "अरे, देवाला तरी झोपू दे!"

"देव झोपलाय कुठे?" फणी खराटा न थांबवता म्हणायचा. "तो इथूनच जातो रोज. कुणाच्या चपला घालून जातो ते कळत नाही, म्हणून सगळ्यांच्याच पायाखालचं झाडायचं."

मंगळवारी सकाळी हजेरी लावून तो चौकीच्या पायरीवर बसला. पाणी मागितलं. पाणी यायच्या आत गेला.

झाडूवाल्यांचा एक रिवाज होता. तो कुठल्या कागदावर नव्हता आणि ऑफिसात कुणाला माहीतही नव्हता. कुणी कामावर असताना गेला, की एक दिवस ठरवून त्याचा रस्ता कुणी झाडायचा नाही. पहाटे घरच्यांनी त्याचा खराटा रस्त्याच्या तोंडाशी, पहिल्या दिव्याच्या खांबाला उभा टेकवायचा आणि परत फिरायचं. दिवसभर घरच्यांनी तिकडे बघायचं नाही. दिवस मावळताना येऊन बघायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीतल्या सगळ्यांनी मिळून तो रस्ता झाडायचा आणि हातगाड्या मोजायच्या. किती भरल्या? एकटा माणूस रोज किती ओढत होता, ते तेव्हा कळायचं. बाजाराच्या रस्त्यावरची एक म्हातारी गेली तेव्हा चार भरल्या होत्या. अजून तिला 'चार गाड्यांची बाई' म्हणतात, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो.

तिच्या गाड्या मोजून परतताना फणी म्हणाला होता, "माझ्या पाच भरतील. लावा पैज."

त्याची बायको तेव्हा शेजारूनच चालत होती. तीही झाडूवालीच. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसलेली. "तोंडाला काही धरबंध आहे का?" ती म्हणाली होती. पण पाच हा आकडा तिच्या मनात जाऊन बसला तो बसलाच.

*

बुधवारी संध्याकाळी मुकादम घरी आला. घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खाट आणि खाटेखाली फणीचे बूट. मुलगी कोपऱ्यात भांडी पुसत होती. मुकादमाच्या हातात खराटा होता.

"खराटा ठेवायच्या पेटीची किल्ली त्याच्याच खिशात राहिली असणार, वहिनी. आता कुठून आणायची? शेवटी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने पेटी उघडून दिली. कशाला उघडायची, काय रिवाज, सगळं विचारून घेतलं. मग टपरीचं फळकूट लावून आत रडत बसला. मोठा माणूस, पण लहान पोरासारखा."

"बसा, भाऊजी."

मुकादम बसला नाही. बूट बघत उभा राहिला. मग म्हणाला, "एक अडचण आहे."

"बोला की."

"उद्या मोठे साहेब येताहेत. दवाखान्याकडे जाणार. म्हणजे आपल्याच रस्त्याने. दुपारी फोन आला, रस्ता आरशासारखा पाहिजे. मी म्हटलं, परवा या ना. तर म्हणे, साहेब काय तुमच्या सोयीने येणार?"

तिने खराटा हातात घेतला. मूठ गुळगुळीत होती. एकतीस वर्षांत खराटे किती बदलले, पण मूठ तो तीच ठेवायचा. जुन्यातून काढून नव्याला बांधायचा.

"भाऊजी, यांनी कधी काही मागितलं का तुमच्याकडे?"

"नाही."

"रजा?"

"रजा कसली! ताप असला तरी यायचा. मीच हाकलायचो घरी."

"मग हा एक दिवस द्या त्यांना. बाकी काही नको."

मुकादमाने मान हलवली. पण ती होकाराची होती की नुसतीच हलली, तिला कळलं नाही. तो गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, रागावू नकोस. पण मला हे कधी पटलंच नाही. माणूस गेला की लोक फुलं वाहतात. तुम्ही कचरा वाहता?"

"फुलं कुणालाही वाहतात गं," आई म्हणाली. "न ओळखता वाहतात. कचऱ्यात खोटं नसतं. जेवढा माणूस होता तेवढाच दिसतो."

"बाबांना रस्त्यावर साधी काडी दिसलेली खपायची नाही. आणि त्यांच्याच नावाने..."

"म्हणूनच तर!" आईचा आवाज चढला आणि लगेच बसला. "एकतीस वर्षांत एकाने तरी विचारलं, रात्री टाकलेलं सकाळी कुठे जातं? आपोआप जातं वाटतं सगळ्यांना. एक दिवस जाऊ दे ना न जाता. एक दिवस दिसू दे की इथे कुणीतरी होता."

मुलीने फडकं पिळलं.

*

गुरुवारी उजाडायच्या सुमाराला दोघींनी खराटा खांबाला टेकवला. बायकोने हात जोडले. मागे न बघता घरी आल्या.

दिवस कसा गेला ते तिलाच ठाऊक. तिने मनातल्या मनात अख्खा रस्ता पाहिला. सातच्या बसने उतरणारे, कागदी पेल्यात चहा घेऊन चालता चालता पिणारे. पेले पहिल्या झाडाच्या बुंध्याशी. शाळेची पोरं, चॉकलेटचे कागद. दुपारी दवाखान्यात भेटायला येणारी माणसं, त्यांच्या पिशव्या, फळांच्या साली, रडून झाल्यावर चुरगळून टाकलेले कागदी रुमाल. फणी म्हणायचा, "ते रुमाल मी वेगळे झाडतो. त्यांना खराटा जोरात मारवत नाही." पेले, कागद, साली, ती मोजत गेली. चार वाजेपर्यंत तिच्या हिशोबाने तीन गाड्या भरल्या होत्या. देवापुढे दिवा लावताना ती पुटपुटली, "पाच नाही झाल्या तर नाही. पण चारच्या खाली नको."

दिवस कलल्यावर दोघी निघाल्या. गुडघ्यामुळे वाटेत दोनदा थांबावं लागलं. वळणावरून रस्ता दिसला आणि ती जागीच उभी राहिली.

रस्त्यावर पांढरं काही नव्हतं. झाडूवाल्याच्या डोळ्याला लांबून कचरा पांढराच दिसतो. कागद, पेले, पिशव्या. इथे काही म्हणजे काही नाही. बुंध्याशी पेले नाहीत. फाटकाशी साली नाहीत. खांबाला खराटा तेवढा उभा होता.

मुकादम खांबाजवळच उभा होता. सोबत चौकीतली आठदहा माणसं.

"झाडलात," ती म्हणाली.

"वहिनी, ऐका..."

"साहेबासाठी झाडलात. एक दिवस मागितला होता, भाऊजी. एक! त्यांच्या ताटातला शेवटचा घास काढून घेतलात."

"आई," मुलगी म्हणाली.

"तू गप्प. ह्या माणसाला यांनी स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलंय. आरसा पाहिजे म्हणे! बघा आता आरशात तोंड!"

मुकादमाने टोपी काढली, हातात धरली. "वहिनी, मी सकाळपासून इथेच उभा आहे. साहेबांची गाडी आली तेव्हाही. नोकरी गेली असं समजूनच उभा होतो. साहेबांनी काच खाली केली, म्हणाले, छान ठेवलाय रस्ता. मला काही कळेना. मुलांची शपथ घेऊन सांगतो, इथे आज खराटा लागलेला नाही. तुम्हीच बघा. तुमच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?"

तिचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. पण पाय पुढे गेले. पहिल्या झाडाखाली ती वाकली. गुडघा मोडल्यासारखा दुखला, तरी खाली बसली.

पानं होती.

लांबून करडी धूळ वाटली होती, ती सगळी पानं होती. कालच्या रात्रीची, आजच्या दिवसाची. काही पायाखाली चुरलेली, काही अख्खी. गटाराच्या कडेला वाऱ्याने लोटून त्यांची ओळ केली होती, आणि ती ओळ तुटलेली नव्हती. तिने हाताने पानं बाजूला सारली. खालच्या धुळीत बुटांचे ठसे होते, एका सायकलचा माग होता, काठी टेकत गेलेल्या कुणाचे गोल गोल ठिपके होते. रेघ एकही नव्हती. खराटा जिथे फिरतो तिथे रेघ राहतेच, कितीही हलक्या हाताचा असो. आणि झाडणारा माणूस आधी पानं उचलतो. पानं ठेवून नुसता कागद उचलणारा खराटा अजून कुणी बांधलेला नाही.

ती दुसऱ्या झाडाशी गेली. तिसऱ्या. मुलगी दंडाला धरून चालत होती. सगळीकडे तेच. जे झाडांनी टाकलं ते होतं. माणसांनी टाकलेलं नव्हतं.

कोपऱ्यावर किल्लीवाला टपरीबाहेर उभा होता. म्हातारा, जाड भिंगांचा चष्मा, छातीशी एक खोका धरलेला. खोका कागदी पेल्यांनी शिगोशीग भरला होता. त्याच्या कोटाचे दोन्ही खिसेही फुगलेले होते.

"ताई," तो म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

तिने खोक्यात डोकावलं.

"मुकादम काल म्हणाले, उद्या फणीचा रस्ता कुणी झाडणार नाही. मला वाटलं, त्याच्या दिवशीच त्याचा रस्ता घाण? रात्रभर जिवाला लागून राहिलं. मग उजाडल्यावर आधीचं पडलेलं हाताने वेचलं, आणि बसमधून उतरणाऱ्या एकेकाला सांगितलं, आज टाकू नका. झाडणारा गेला. टाकायचंच असेल तर माझ्याकडे द्या. कुणी दिलं, कुणी खिशात घालून नेलं. एक बाई तर पेला हातात घेऊनच दवाखान्यात गेली आणि तसाच घेऊन परत आली. दुपारपर्यंत मला सांगावंच लागलं नाही. फाटकावरचा पहारेकरी सांगत होता, शाळेची पोरं एकमेकांना सांगत होती." त्याने खोका जरा खाली केला. "काही जणांना मी शिव्याही दिल्या, खरं सांगतो. एकाशी भांडलो. पण मुकादम आत्ता म्हणाले, तुमचा रिवाज वेगळा होता. घाण दिसायलाच हवी होती. मी ऐकलं अर्धं आणि केलं भलतंच. तुमचा दिवस मी खाल्ला, ताई."

एक बस आली, थांबली, गेली. उतरलेल्यांतल्या एका माणसाने हातातला चुरगळलेला कागद टपरीपाशी आणून खोक्यात टाकला, खांबाकडे बघून मान लववली आणि चालू लागला. तो फणीला ओळखत होता की नाही, देव जाणे.

ती त्या पाठमोऱ्या माणसाच्या चपलांकडे बघत राहिली. तो वळणाआड गेल्यावर म्हणाली, "नाही दादा. काही चुकलं नाही."

मग मुकादमाकडे वळली. "भाऊजी, मी तोंडाला येईल ते बोलले."

"बोला ना. तुम्ही नाही तर मला कोण बोलणार?"

*

शुक्रवारी सकाळी सगळी चौकी रस्त्यावर आली. रिवाजाप्रमाणे बायकोने पहिला हात मारायचा. गुडघा धरला होता, तरी तिने त्याचाच खराटा घेतला. फणीसारख्या रेघा तिला कधी जमल्या नव्हत्या, आजही जमल्या नाहीत. मागून कुणीतरी हळूच देवाचं गाणं धरलं, त्याचंच नेहमीचं. बाकीच्यांनी उचललं. सूर त्यांचाही लागेना.

तासाभरात झालं. पहिली गाडी अर्धीसुद्धा भरली नाही. सगळी पानंच. वर पाण्याची एक रिकामी बाटली. ती सातव्या झाडाखाली सापडली होती.

"ही कुणाची?" मुलीने विचारलं.

"साहेबांच्या गाडीतून पडली," मुकादम म्हणाला. "माझ्यासमोर." हसावं की नाही ते कुणाला कळेना. मग फणीची बायकोच आधी हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"हे पैज हरले," ती म्हणाली. "पाच म्हणाले होते. उभ्या जन्मात पैज हरले नव्हते."

मुकादम गाडीचा दांडा धरायला पुढे झाला. तिने त्याला हाताने थांबवलं. दांडा आपण धरला, दुसऱ्या बाजूला मुलीने हात लावला, आणि अर्धी गाडी दोघींनी ओढत चौकीपर्यंत नेली. हलकी होती. रस्त्यात कुठेही थांबावं लागलं नाही.