बळीरामच्या पायावरचं पाणी

नवऱ्याचं नाव घेऊ नये, आयुष्य घटतं, असं माझी आई सांगायची. येशूच्या मंडळीत आल्यावर पास्टरजी म्हणाले, असलं सगळं सोडा. मी सोडलं. म्हणून नाव घेऊनच सांगते: माझा नवरा बळीराम पाप्यांत मोजण्यासारखा माणूस नाही, आणि ज्यांनी मोजलं त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

सोडायला सांगितलेलं मी सगळंच सोडलं होतं. सासूने दिलेले देवाचे चांदीचे टाक स्वतःच्या हाताने तापीत सोडले. त्या दिवशी घरात कोणी धड जेवलं नाही. पुढे कुणीतरी कोकरू घेतलेल्या येशूचं कॅलेंडर दिलं, ते मी टाकांच्या रिकाम्या कोनाड्यावर लावलं. आमचे पास्टर प्रमोद प्रार्थनेला आले आणि त्यांनी ते खिळ्यावरून काढून, गुंडाळून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "मंदाताई, देव बदलला, पण तुमची सवय नाही बदलली. येशूची असली तरी मूर्ती ती मूर्तीच." मला पटलं. कोऱ्या भिंतीसमोर डोळे मिटायला मी शिकले.

आमची मंडळी म्हणजे तापीकाठच्या या कापडगिरण्यांच्या शहरातली, डिंडोलीची एक पत्र्याची खोली आणि तिच्यात मावतील तेवढी माणसं. बहुतेक धुळ्या-नंदुरबारकडची, लूमवर नाहीतर कापड रंगवायच्या डाइंगमध्ये राबणारी. पास्टरजीही तिकडचेच, शहाद्याजवळचे. फक्त ते शिकून आले होते आणि अहिराणी बोलायचं त्यांनी बंद केलं होतं.

शहरात प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी गुड फ्रायडेच्या आधी त्यांना सिनेमा काढायची हुक्की आली. आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांना घेऊन येशूची कथा व्हिडिओवर उतरवायची आणि मग कॅसेट वस्त्यावस्त्यांत लावायची. मी विचारलं, "पास्टरजी, कॅलेंडर चालत नाही, मग हे कसं चालतं?"

"ताई, हा निरोप आहे. सिनेमाला कोणी हात जोडत नाही."

म्हणजे भिंतीवर गप्प उभा राहिला तर मूर्ती, आणि चालायला-बोलायला लागला तर निरोप! पण शिकलेल्या माणसापुढे आपण काय बोलणार?

येशू कोण व्हायचं, यावर फार चर्चा झाली नाही. बळीराम उंच, अंगाने वाळके, दाढी राखलेली. पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये रंग कालवायचं त्यांचं काम. कॉस्टिकच्या पाण्यात उभं राहून तळपाय फाटलेले आणि दोन्ही अंगठ्यांची नखं कायमची जांभळी. ते नको नको म्हणाले. पास्टरजींनी खांद्यावर हात ठेवला, "प्रभूचं काम आहे, बळीरामभाऊ," आणि बळीरामना नाही म्हणता येत नाही. स्वतः पास्टरजी झाले तो सुभेदार, जो येशूला क्रुसावर द्यायला सोपवतो आणि लोकांसमोर हात धुऊन मोकळा होतो. आवाज चांगला होता त्यांचा. हात धुणंही चांगलं जमायचं, ते मला नंतर कळलं.

लग्नाचं शूटिंग करणारा कॅमेरावाला आणला होता. भर दुपारी बळीरामच्या खांद्यावर सागाचा ओंडका देऊन दोन्ही हात त्याला दोरीने बांधले आणि अनवाणी गल्लीतून चालवलं. सिमेंटचा रस्ता तव्यासारखा तापलेला. गल्लीच्या टोकाला चिंधाची माय राहते. म्हातारी मंडळीतली नव्हे. ती हातात कळशी आणि ओवाळणीचं ताट घेऊन सरळ पुढे आली, बळीरामच्या पायांवर पाणी ओतलं, कुंकू लावलं, ओवाळलं आणि डोकं टेकवलं. तिचं पाहून आणखी चार बायका आल्या.

यात नवल काय होतं? आमच्याकडे गावात देवांची सोंगं निघतात. सुताराचा पोरगा देवाचा मुखवटा घालून नाचत येतो, तेव्हा बाया त्याच्या पायांवर पाणी घालतात आणि ओवाळतात. मुखवटा उतरला की तोच पोरगा दुसऱ्या दिवशी बापाच्या शिव्या खातो. कोणाचा काही घोटाळा होत नाही. चिंधाच्या मायने सोंग पाहिलं, सोंगाचं जे करायचं ते केलं. आणि बळीरामचे हात बांधलेले होते. ते कुठे पळणार होते? कॅमेरा चालू राहिला. पास्टरजी सुभेदाराच्या झग्यात भिंतीला टेकून उभे होते, तोंडातून शब्द नाही.

शब्द रविवारी फुटले. "तू आपल्यासाठी कोरीव मूर्ती करू नकोस," असं वाचून ते म्हणाले, "आपल्यातल्या एकाने स्वतःची पूजा करून घेतली. सगळ्यांसमोर पश्चात्ताप करीपर्यंत त्याला प्रभुभोजन नाही." प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बळीरामच्या समोरून तसंच पुढे गेलं. त्यांनी हात अर्धा पुढे केलेला होता. तो त्यांनी हळूच मांडीवर ठेवला. तो हात मला आजही दिसतो.

एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या महिन्यात आमच्या कविताचं लग्न ठरलेलं, मुलगा दीपक, मंडळीतलाच. पास्टरजी म्हणाले, "बापाने पाप कबूल केल्याशिवाय मी लग्न लावणार नाही."

मी तिथेच उभी राहिले. "पास्टरजी, तुमच्या गावाला सोंग निघत नाही?"

त्यांचं तोंड उतरलं. "निघतं. मीच पुढे दिवटी धरायचो. म्हणून तर घाबरतो, ताई. आज पायावर पाणी, उद्या देऊळ. आपली माणसं मला ठाऊक आहेत."

"मग ओंडका कोणी बांधला त्यांना? दोरी कोणाची होती?"

"चूक पाहणाऱ्यांची झाली. आणि त्यांनी ती होऊ दिली."

"असं असेल तर कॅसेट जाळा. आत्ता, इथे."

"कॅसेट निरोप आहे," पास्टरजी म्हणाले आणि त्यांनी गीत सुरू केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

त्या संध्याकाळी बळीराम दाढी काढून घरी आले. गालफडं आत गेलेली, ओळखू येईनात. "मी माफी मांगी लिसू," म्हणाले. "पोरनं लगीन शे."

"कसानी माफी?" मी भडकले. "काय करं तुमी?"

त्यांनी बराच विचार केला. खरंच शोधत होते बिचारे. "पाय जळत व्हतात. त्या मायनी पानी टाकं, माले गार वाटनं. तेच पाप व्हई."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला. मी म्हटलं, या पापाची माफी तुम्ही मागितलीत तर मी या घरात राहणार नाही.

ईस्टर झाला आणि पांडेसऱ्यात कॅसेट लागणार असं कळलं. बळीराम म्हणाले, एकदा पाहू तरी. तयार झालेला सिनेमा त्यांनी पाहिलेलाच नव्हता. आम्ही दोघं गेलो. हातगाडीवर रंगीत टीव्ही ठेवलेला, शेजारी माईक घेऊन पास्टरजी, आणि समोर सगळी चाळ बसलेली. आम्ही कडेला उभे राहिलो. कोणी ओळखलं नाही.

ओंडका घेतलेला येशू आला. बाया डोळे पुसायला लागल्या. आणि मग काय दिसावं? चिंधाची माय! कळशी घेऊन आली, पाणी ओतलं. कुंकू आणि ओवाळणी तेवढी कापून टाकलेली, पाणी ठेवलेलं. जांभळ्या नखांचे ते फाटके पाय टीव्हीभर मोठे दिसत होते. आणि पास्टरजी माईकवर सांगतात, "पाहा, या गरीब माउलीने प्रभूच्या पायांची आग शांत केली. तुम्ही प्रभूसाठी काय करता?"

ज्या पाण्यासाठी माझ्या नवऱ्याच्या तोंडची भाकर काढली, तेच पाणी दाखवून लोकांना रडवत होते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बळीराम मात्र नीट दिसावं म्हणून दोन पावलं पुढे सरकले होते. मागून एक बाई ओरडली, "ओ भाऊ, बाजूले सरक ना! येशू दिखी नही राहिना!"

"हां माय," म्हणाले बळीराम, आणि सरकले.

ते सरकले, पण मी सरकले नाही. त्यांचा दंड धरून मी त्यांना टीव्हीपाशी नेलं. "चप्पल काढा," म्हटलं. त्यांनी मुकाट्याने काढली. मी त्या बाईला म्हटलं, "हाई देख. टीव्हीमा देख, आनि आठे देख."

तिने पाहिलं. नखं पाहिली, भेगा पाहिल्या. सगळी चाळ पाहत होती. ती बाई उठली, पुढे आली आणि पदर सावरून खाली वाकली. पास्टरजींचा चेहरा पांढराफटक पडला.

बळीराम झटकन मागे झाले. या वेळी त्यांचे हात मोकळे होते. त्यांनी तिला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं. "नको माय, पाया नको पडू. तो येशू न्यारा. मी बळीराम शे, डाइंगवाला."

माईक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं.

पास्टरजींनी माईक बंद करून गाडीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "बळीरामभाऊ, रविवारी या. माफीचं राहू द्या."

"राहू कसं द्यायचं?" मी म्हटलं. "पाप सगळ्यांसमोर सांगितलंत. पाप नव्हतं, हेही सगळ्यांसमोर सांगा. तो माईक घ्या आणि सांगा."

पास्टरजींनी माईककडे पाहिलं. बळीरामकडे पाहिलं. मी वाट पाहिली, देवाशपथ पाहिली. टीव्हीवर, शेवटी पुन्हा जोडलेल्या तुकड्यात, सुभेदार हात धूत होता. पास्टरजींनी माईक काही उचलला नाही.

कविताचं लग्न आमच्या दारात झालं. दीपकच्या घरच्यांनी कुरकुर केली, पण आले. पास्टरजी आले नाहीत. प्रार्थना कोण म्हणणार, म्हणून सगळे एकमेकांकडे पाहायला लागले, तेव्हा बळीराम उठले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि अहिराणीत देवाशी बोलले. मध्येच अडखळले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. संपल्यावर सगळ्या गल्लीने आमेन म्हटलं. चिंधाच्या मायने सगळ्यात मोठ्याने म्हटलं.