पिशवीपलीकडची अक्षरे

घर म्हणावे तर मला सहा चाके आहेत, आणि गाडी म्हणावे तर माझ्या पोटात चूल, पलंग आणि न्हाणीघर आहे. मित्रांनो, मला घरगाडी म्हणतात. माझे आता वय झाले आहे. विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या वाऱ्यात, ऑर्व्हिल लाहती यांच्या गॅरेजमागे माझी जागा आहे.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. एका ट्रकच्या सांगाड्यावर लाकडी चौकट बसवली, तिला पत्रे ठोकले, वर छत चढवले. छताच्या सांध्यांवर एक बाई पांढरा चिकट लेप बोटाने सारखा करत होती. ती शेजारणीला म्हणाली, "इथूनच सगळ्या गळायला लागतात." स्वतःबद्दल मी ऐकलेले हे पहिले वाक्य.

आधी मी एका निवृत्त मास्तरांकडे होते. ते थकले तेव्हा ऑर्व्हिलने मला विकत घेतले. ऑर्व्हिल आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ हटवणारा ट्रक चालवत होता. माझे सुकाणू त्याने पहिल्यांदा धरले, तेव्हाच मला कळले की हा हात घसरणारा नाही. त्याने मला मासेमारीला नेले, हरणांच्या शिकारीला जंगलात नेले, आणि दर उन्हाळ्यात एकदा आमच्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मिलवॉकीला, बेसबॉलचा सामना पाहायला नेले. बरोबर त्याची बायको डेल्फीन, मुलगी रोंडा आणि रोंडाचा मुलगा ट्रेंट असायचे. मैदानाबाहेरच्या पटांगणात मला उभे करायचे, बीअरमध्ये उकळलेली सॉसेज कोळशावर भाजायची आणि मग आत जायचे, अशी तिथली रीत. भाजणे होईपर्यंत ट्रेंट माझ्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसे. त्याचे गोल खळगे माझ्या अंगावर अजून आहेत. शेजारचे लोक म्हणत, "भिंत फोडेल तुमचा पोरगा." ऑर्व्हिल म्हणे, "फोडू दे. नेम तर बघा."

ते माझे चांगले दिवस.

मग ऑर्व्हिलची मूत्रपिंडे निकामी झाली. त्याच्या पोटात एक नळी बसवली. दिवसातून चार वेळा त्या नळीतून पोटातले जुने पाणी एका पिशवीत उतरवायचे आणि दुसऱ्या पिशवीतले ताजे औषधी पाणी आत सोडायचे. रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. हे करताना दारे-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला पट्टी, हात कोपरापर्यंत धुतलेले, आणि खोलीत दुसरे कोणी नाही. जंतू आत गेला तर पोटच सडते.

असा माणूस प्रवासाला कसा जाणार? मी गॅरेजमागे उभीच राहिले. थंडीत मला ऊब देणाऱ्या भट्टीत उंदरांनी घर केले. टायरांना भेगा पडल्या. कारखान्यातल्या बाईने सांगितले होते तिथूनच छत गळू लागले आणि पलंगावरची फळी फुगली. मला कोणाचा राग नव्हता. त्या घरात सगळ्यांचे लक्ष एकाच पोटाकडे होते.

जुलैमध्ये ट्रेंटचा फोन आला. तो आता मोठा झाला होता आणि खालच्या दर्जाच्या संघांत चेंडूफेक करत होता. पिट्सबर्गच्या मोठ्या संघाचा एक चेंडूफेक्या जखमी झाला, म्हणून त्याच्या जागी ट्रेंटला वर बोलावले होते. जखमी खेळाडू परत आला की ट्रेंट पुन्हा खाली जाणार. तोपर्यंत आम्हाला गाठता येईल असा एकच सामना होता, रविवारी, मिलवॉकीत.

ऑर्व्हिल त्याच दिवशी शिडी लावून माझे गळके सांधे बुजवायला छतावर चढला. डेल्फीन खाली शिडी धरून उभी होती. त्याच्या पायांना बधिरपणा आला होता आणि डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला मनाई केली होती. शिडीबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, असे त्याचे म्हणणे पडले.

सहलीचा बेत माझ्या आतल्या टेबलावर ठरला, कारण घरातल्या टेबलावर औषधी पाण्याची खोकी रचलेली होती. मित्रांनो, सहलीचा बेत म्हटला की हसण्याचे आवाज येतात असे तुम्हाला वाटेल. आमच्याकडे नकाशावर बोट ठेवताना सुद्धा कोणी मोठ्याने श्वास घेत नव्हते. कुठे थांबून पिशवी बदलायची, हे आधी ठरे, रस्ता त्यानंतर. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी परवानगी दिली, पण एका अटीवर. उतरलेले पाणी गढूळ दिसले, तर असाल तिथून थेट रुग्णालय, आणि ती पिशवी बरोबर.

पाणी पाहण्याची रीत सोपी होती. भरलेल्या पिशवीमागे वर्तमानपत्र धरायचे. अक्षरे वाचता आली, तर पाणी स्वच्छ. डेल्फीनने त्यातून एक सवय लावून घेतली होती. पिशवी बदलून झाली की ती विचारी, "आज काय वाचलंस?" तो कधी हवामान सांगे, कधी गावात कोण वारले ते. ट्रेंटची बातमी गावच्या साप्ताहिकात आल्यापासून तो तेच पान धरत होता आणि दर वेळी ट्रेंटचे नाव वाचून दाखवत होता.

राहिला प्रश्न मला चालवायचे कोणी. किल्ली ऑर्व्हिलच्या खिशात होती आणि ती बाहेर येत नव्हती. शेवटी रोंडा म्हणाली, "बाबा, किल्ली दे, नाहीतर आपण तिघं रेडिओ ऐकू."

त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन बराच वेळ टायर पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने सहाही टायर नवे बसवून घेतले.

रोंडा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिने आयुष्यात माझ्याएवढे काही चालवले नव्हते. चर्चसमोरच्या रिकाम्या पटांगणात तिची शिकवणी झाली. ऑर्व्हिल शेजारच्या जागेवर बसे आणि तिने वळण घेतले की त्याचा बूट माझी जमीन जोरात दाबे.

"बाबा, पाय आवर. तिथे ब्रेक नाहीये."

"असायला हवा होता," तो म्हणाला.

टोपीवरूनही ताणाताणी झाली. ऑर्व्हिल जन्माचा मिलवॉकीचा पाठीराखा. नातू आला होता पाहुण्या संघातून. डेल्फीनने पिट्सबर्गची टोपी मागवली, तर त्याने ती कपाटात ठेवून दिली. ट्रेंट मैदानात उतरेल तेव्हा आपण डोक्यावरची टोपी काढून बसू, पण दुसरी घालणार नाही, असे त्याने जाहीर केले. "उघड्या डोक्याला कोणता संघ नसतो," तो म्हणाला.

शनिवारी आम्ही निघालो. रोंडा दोन्ही हातांनी सुकाणू आवळून बसली होती. वाटेत एका गावाबाहेर थांबून पिशवी बदलली, मुक्कामाच्या जागी पुन्हा बदलली. दोन्ही वेळा दार बंद, सगळे बाहेर, आत ऑर्व्हिल आणि मी. दोन्ही वेळा त्याने ट्रेंटचे नाव वाचले.

रविवारी सकाळी मला तो वेगळा वाटला. पलंगावरून उठताना त्याने पोटावर हात दाबून धरला होता. डेल्फीनने विचारले, "कसा आहेस?"

"वाईट नाही."

मित्रांनो, आमच्या भागात या प्रश्नाला हे एकच उत्तर आहे. लॉटरी लागली तरी वाईट नाही, घर जळाले तरी वाईट नाही. फुशारकी नको आणि रडगाणे नको. हे उत्तर खोटे नसते. त्यातून काही कळत नाही, इतकेच.

पटांगणात आम्ही लवकर पोचलो. दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या, छत्र्या उभ्या राहिल्या, कोळसे पेटले. शेजारी बर्नार्ड नावाचा एक जाडजूड गृहस्थ होता. आमचा मुलगा पाहुण्यांकडून खेळतो हे कळल्यावर तो रोंडाला म्हणाला, "मग सॉसेज देतो, पण मोहरीची चटणी मिळणार नाही." सगळे हसले. ऑर्व्हिलने आत येऊन दार लावले, पंखा बंद केला आणि हात धुतले.

पाणी पिशवीत उतरले. त्याने ती खिडकीपाशी धरली आणि मागे ते पान लावले. मग पान जवळ आणले. मग पिशवी उजेडाकडे फिरवली. पाणी ताकासारखे होते. त्यातून एकही अक्षर दिसत नव्हते.

तो पलंगाच्या कडेवर बसला. बाहेर डेल्फीन कोणाशी तरी बोलत होती, तिचा आवाज भिंतीतून येत होता. आत उकाडा होता. पोट दुखत असावे, कारण तो वाकून बसला होता. मग तो उठला. पिशवी त्याने ओतली नाही. न्हाणीघराच्या पडद्यामागे ठेवली, पडदा सरकवला, टोपी घातली आणि दार उघडले.

मला सगळे माहीत होते. माझ्याकडे भोंगा आहे, दिवे आहेत, पण दुसऱ्याने दाबल्याशिवाय त्यातले काहीच वाजत किंवा पेटत नाही.

रोंडा म्हणाली, "फाटकं उघडली. बाबा, कसं वाटतंय?"

"वाईट नाही. चला."

तो माझ्या पायरीवरून उतरला. डेल्फीनने त्याच्यापुढे थाळी धरली. त्याने घेतली नाही. भाजलेल्या सॉसेजला नाही म्हणताना तिने त्याला कधी पाहिले नव्हते. तिने थाळी खाली ठेवली आणि विचारले, "आज काय वाचलंस?"

तो उभा राहिला. या प्रश्नाला 'वाईट नाही' हे उत्तर होत नाही. आणि खोटे बोलण्याची त्याला सवय नव्हती.

"ट्रेंटचं नाव वाचता आलं नाही," तो म्हणाला.

रोंडा आत धावली आणि पडद्यामागून पिशवी घेऊन आली. फोनवर नर्सबाईंनी दुसरा प्रश्नच विचारला नाही. लगेच निघा, म्हणाल्या. ऑर्व्हिलने सामना संपल्यावर जाऊ म्हणून पाहिले. मग तुम्ही दोघी आत जा, मी एकटा टॅक्सीने जातो, असे म्हणून पाहिले.

"रोंडा, तुझा मुलगा आहे तो," तो म्हणाला. "पुन्हा हा दिवस येणार नाही."

रोंडाने किल्ली हातात घेतली. ती म्हणाली, "तू आत जाऊन झोप, बाबा. मला गाडी काढू दे."

ती माझ्या सुकाणूवर बसली. पण जायचे कुठून? सगळे लोक आत येत होते, आणि आम्हाला उलट बाहेर जायचे होते. पुढे छत्री, मागे कोळशाची शेगडी, बाजूला खुर्च्या. बर्नार्डने रोंडाचा चेहरा पाहिला आणि काय झाले ते विचारले नाही. हातमोजा घालून त्याने पेटती शेगडी उचलून बाजूला केली, छत्रीचे खांब उपटले आणि माझ्यापुढे उलटे चालत लोकांना हटवू लागला. आमच्या राज्यात कोणी उगाच भोंगा वाजवत नाही. रोंडाने तो दाबला आणि फाटकापर्यंत सोडला नाही. माझा आरसा एका खांबाला घासला. शेजारच्या जागेवर कोणी नव्हते. डेल्फीन मागे पलंगापाशी बसून ऑर्व्हिलचा हात धरून होती.

रुग्णालय जवळच होते. त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेले. डेल्फीनच्या हातात ती पिशवी होती. रोंडा किल्ली माझ्यातच विसरून धावली, आणि प्रवासात लावलेला माझा रेडिओ चालूच राहिला.

त्या उन्हात मी एकटी उभी होते. बॅटरी उतरत चालली होती. आठव्या डावात निवेदकाने ट्रेंटचे नाव घेतले. पहिल्या फलंदाजाला त्याने फटक्याशिवाय, फुकटच पुढच्या तळावर जाऊ दिले. चार चेंडू नेमाच्या बाहेर गेले. दुसऱ्याने मोठा फटका मारला आणि एक धाव झाली. मग निवेदक म्हणाला की हा पोरगा सारखा वर प्रेक्षकांकडे बघतोय. त्यानंतरच्या तिघांना ट्रेंटने ओळीने बाद केले. तिसऱ्याला तर चेंडू दिसलाच नाही. लोकांचा आवाज मोठा झाला, आणि माझा रेडिओ बंद पडला.

संध्याकाळी ट्रेंट आला. त्याचे केस ओले होते आणि संघाची बस निघायला थोडाच वेळ होता. आजोबांना भेटून तो आणि रोंडा माझ्या पायरीवर येऊन बसले. औषध वेळेवर सुरू झाले होते. ऑर्व्हिल वाचला होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, ते डॉक्टरांनी रोंडाला सांगितले होते, आणि तिने ते मुलाला सांगितले नाही.

"तीन जागा रिकाम्या दिसत होत्या," ट्रेंट म्हणाला. "मला वाटलं, माझ्या संघाचा राग आला आजोबांना." मग त्याने विचारले, "तुमच्यापैकी कोणीच रेडिओवरसुद्धा ऐकलं नाही?"

"कोणीच नाही रे," रोंडा म्हणाली.

मी ऐकले होते, मित्रांनो. एकेक चेंडू ऐकला होता. पण मी सांगणार कशी?

आम्हा वस्तूंचे असेच असते. छत गळते, टायरला भेग पडते, भट्टीत उंदीर शिरतो, आणि आम्ही गप्प उभ्या राहतो. म्हणून आमच्याकडे अधूनमधून वाकून, वर चढून पाहत जा. ते तुमचे काम आहे, कारण आम्हाला बोलता येत नाही.

तुम्हाला येते. घरातल्या माणसाला कसे आहात म्हणून विचाराल, तेव्हा उत्तर ऐकून लगेच वळू नका. दुसरा प्रश्न विचारा. आणि तुम्हाला कोणी विचारले, तर दुखते तिथे बोट ठेवून सांगा. सामना पुन्हा असतो.