तयारीला घेतलंय

अंत्यसंस्कारांची व्यवस्था करून देणाऱ्या त्या संस्थेच्या कार्यालयातला सोफा इतका खोल होता, की कोणी हात दिल्याशिवाय त्यातून उठता येऊ नये. वहिनी त्यात रुतून बसल्या होत्या. समोरचे व्यवस्थापक जे बोलले ते त्यांना ऐकू आले होते, पण आत उतरत नव्हते. तुमच्या यजमानांना तयारीला घेतलं आहे, असे ते म्हणाले होते. आणि तेही अशा मऊ आवाजात, की जणू पाहुण्यांना हातपाय धुवायला पाठवले आहे.

तयारी म्हणजे काय, हे शेजारी बसलेल्या भाऊजींनी, त्यांच्या धाकट्या दिरांनी, चाचरत विचारले. व्यवस्थापकांनी समजावून सांगितले. शरीर टिकावे म्हणून आतले रक्त काढून घेतात आणि त्या जागी औषध भरतात. एम्बामिंग म्हणतात त्याला. मानेपाशी एक लहानसा छेद द्यावा लागतो, बाकी काही नाही.

 

गेले काही महिने त्यांच्या यजमानांच्या अंगावर सुई टोचायला जागा उरली नव्हती. हातांच्या शिरा काळ्यानिळ्या पडल्या, तेव्हा परिचारिका पायांत शीर शोधू लागल्या होत्या. जन्मभर थट्टामस्करी करत आलेला तो माणूस शेवटी शेवटी औषधाची गाडी खडखडली तरी डोळे गच्च मिटून घेई. एका दुपारी त्याने वहिनींचा पदर धरून ठेवला होता. मी गेल्यावर तरी यांची एकही सुई मला लागू द्यायची नाही, शब्द दे, म्हणाला. त्यांनी शब्द दिला. तेवढ्यातही त्याला गप्प बसवेना. शब्द मोडलास तर भूत होऊन उशाशी येईन आणि रात्रभर घोरेन, असा दमही त्याने भरला होता.

"थांबवा ते," वहिनी म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना तो स्वतःचा वाटला नाही.

व्यवस्थापकांनी खेदाने मान हलवली. कायद्यानेच ते करावे लागते, असे ते म्हणाले. त्याशिवाय विद्युतदाहिनीवाले शव आत घेत नाहीत. शिवाय घरच्यांची परवानगी घेऊनच काम सुरू केले आहे.

वहिनींनी भाऊजींकडे पाहिले. भाऊजींनी नजर चुकवली.

झाले होते ते असे. त्या घराला सासूबाईंच्या काळापासून एक वळण होते. मयताच्या वेळी कोणालाही प्रश्न विचारायचा नाही. काय करता, कशाला करता, किती घेता, यातला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही. तसे विचारणे म्हणजे गेलेल्या माणसाच्या पायाशी बसून बाजार मांडणे. ज्यांचे ते काम त्यांनी करावे आणि घरच्यांनी हात जोडून उभे राहावे. भाऊजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, शाळेत पाचशे पोरांना धाकात ठेवलेले गृहस्थ. पण या वळणापुढे तेही आज्ञाधारक विद्यार्थीच होते. सकाळी या संस्थेचा फोन आला आणि शरीराची पुढची तयारी करायची का, असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी अदबीने उत्तर दिले होते की तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तयारी कसली, हे त्यांनी विचारले नव्हते. ते सभ्यतेत बसत नव्हते.

व्यवस्थापकांच्या पाठीमागे एक पांढरा दरवाजा होता. त्याच्यापलीकडे कसले तरी यंत्र घुरघुरत होते. मघापासून ते घुरघुरत असणार, पण वहिनींना ते आत्ता ऐकू आले आणि मग दुसरे काही ऐकू येईना.

त्या उठायला गेल्या, पण सोफ्याने सोडले नाही. भाऊजींच्या खांद्यावर भार देऊन त्या कशाबशा उभ्या राहिल्या.  फळीवर मांडलेले अस्थिकलश, टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा, व्यवस्थापकांच्या कोटाची बटणे, सारे एकमेकांत मिसळू लागले.

"भाऊजी, दाहिनीवर फोन लावा. त्यांना विचारा, हे असं लागतं का म्हणून."

"वहिनी, यांच्यासमोर?" भाऊजी कुजबुजले. "बरं दिसत नाही ते."

"बरं दिसायला आपण लग्नाला आलेलो नाही. लावा फोन."

भाऊजींनी मोबाईल काढला. नंबर शोधायलाही त्यांना वेळ लागला. आवाज मोठा करून त्यांनी फोन टेबलावर ठेवला. घंटी वाजू लागली. कोणी उचलत नव्हते. वहिनी फोनकडे पाहत नव्हत्या. त्या व्यवस्थापकांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी भाजीवाल्यापासून विहिणीपर्यंत अनेकांचे चेहरे वाचले होते. पण इथे चूक झाली तर? खरोखरच तसा कायदा असला तर? मग दिलेल्या शब्दाचे काय करायचे, ते त्यांना कोणी सांगणार नव्हते.

घंटी वाजतच राहिली. व्यवस्थापकांनी हात पुढे केला आणि फोन बंद करून हळूच पालथा घातला.

"एवढं कशाला, ताई," ते म्हणाले. "सक्ती अशी नाहीये. म्हणजे, आम्ही सुचवतो. बरेच लोक करून घेतात."

"मघाशी तुम्ही कायदा म्हणालात."

"बोलण्याच्या ओघात म्हणालो असेन."

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. शाळेत खोटे बोललेल्या मुलापुढे ते असेच करत असत, आणि त्यानंतर जे होई ते मुलांना पुष्कळ दिवस आठवे. पण वहिनींना थांबायला वेळ नव्हता.

"मग आत्ता आत काय चाललंय?" त्यांनी विचारले.

व्यवस्थापकांनी टेबलावरचा अंतर्गत फोन उचलला आणि एक बटण दाबले. पलीकडे कोणी घेतला नाही. त्यांनी पुन्हा दाबले. काम चालू असले की हातांत मोजे असतात, त्यामुळे उचलत नाहीत, असे ते म्हणाले आणि आपण काय बोलून गेलो हे ध्यानात येऊन त्यांनी फोन खाली ठेवला.

वहिनी टेबलाला वळसा घालून दरवाज्याकडे निघाल्या. तिथे नातेवाइकांना मनाई आहे, असे व्यवस्थापक मागून सांगत होते. भाऊजींचा आवाज त्यावर चढला. ते माझे थोरले भाऊ आहेत, तुमचा माल नाहीत, असे काहीसे तो आवाज म्हणत होता.

दरवाज्यापलीकडचा बोळ गार होता आणि औषधाच्या वासाने भरलेला होता. इस्पितळाचाच वास. आपण उशीर केला, आपण त्या सोफ्यात बसून राहिलो, एवढेच वहिनींच्या मनात फिरत होते. त्यांनी भिंत धरली. शेवटचे दार अर्धवट उघडे होते.

आत एक माणूस पाठमोरा उभा होता आणि यंत्राची नळी धुऊन घेत होता. पोलादी टेबलावर त्यांचे यजमान होते, कमरेपर्यंत चादर ओढलेले. टेबलाशेजारच्या तबकात अवजारे ओळीने मांडली होती.

"सुरू केलंत?" वहिनींनी विचारले.

तो माणूस दचकून वळला. अजून नाही, फक्त छेदाची खूण केली आहे, असे तो म्हणाला.

वहिनींचा विश्वास बसला नाही. कायद्याचे नाव घेऊन खोटे बोलणाऱ्या संस्थेतल्या माणसाच्या शब्दावर कसा बसावा? त्यांनी यजमानांचे दंड उलटून पाहिले, मांड्या पाहिल्या, चादर सारून पोट पाहिले. जुन्या सुयांचे डाग त्यांना एकेक करून ठाऊक होते. नवा एकही नव्हता. मानेखाली, गळ्याच्या हाडाच्या वर, निळ्या शाईची बोटभर रेघ मात्र होती. त्यांनी अंगठा ओला करून ती घासली. ती पुसली गेली नाही.

मग त्यांनी तळवा त्या रेघेवर ठेवला. कातडी थंडगार होती. बाहेर भाऊजी अंत्यसंस्काराच्याच दुसऱ्या एका संस्थेशी फोनवर बोलत होते. काय काय करता, त्यातले न करता चालते का, किती घेता, गाडी कधी पाठवता, आम्ही नेतो म्हटल्यावर हे लोक अडवू शकतात का, असे सारे प्रश्न ते खणखणीत आवाजात, सगळ्या बोळाला ऐकू जावेत असे विचारत होते.

इथे फार गारठा असतो, गाडी येईपर्यंत तुम्ही बाहेर बसा, असे तो मोजेवाला माणूस दोनदा म्हणाला. वहिनी हलल्या नाहीत. बोळातून कोणाची पावले आली की त्यांचा तळवा घट्ट दाबला जाई, आणि पावले निघून गेली तरी तो सैल पडत नसे.