गसकडे पाठ करून

"अजून खात नाही?" फोनवर ट्रेव्हरने बहिणीला विचारलं.

"मी घरात असले की नाही. बस घेऊन गेले की चार दाणे उचलतो, वाटतं."

"अगं ग्लेन, पक्षी आहे तो. नवऱ्यासारखी मनधरणी काय करतेस?"

"नवऱ्याची केली नव्हती, म्हणून तर आज एकटी आहे."

ट्रेव्हर मोठ्याने हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "रविवारी येतो पिंजरा घेऊन. डबो गावच्या त्या माणसाकडे ह्याच्यासारखे वीसेक गलाह काकाकुवे आहेत. आपल्या जातभाईंत रमेल. उपाशी मरण्यापेक्षा बरं ना?"

"तोवर माझ्यासमोर खाल्लं, तर नाही न्यायचं."

"खाल्लं तर," ट्रेव्हर म्हणाला.

ग्लेनिसने फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पिंजऱ्याचं दार उघडंच होतं. सगळ्यात वरच्या दांडीवर गस भिंतीला चिकटून बसला होता. छातीवरची गुलाबी पिसं त्याने स्वतःच उपटली होती. खालची राखाडी कातडी दिसत होती. बाबांच्या खांद्यावर बसून तीस वर्षं टोस्टचे काठ खाल्लेला हा पक्षी. पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत धान्याच्या सिलोवरून रानातल्या गलाहांचा थवा निघाला की हा आतून त्यांना शिव्या दिल्यासारखा ओरडायचा. आता थवा छपरावरून गेला तरी मान वळवत नव्हता.

गावातली पशुवैद्य बाई गुरांच्या डॉक्टर. पक्ष्यांचं मला फारसं कळत नाही, असं आधीच सांगणाऱ्या. त्यांनी गसला काट्यावर ठेवलं आणि ओठ मुडपले. "तीनशे चाळीस ग्रॅमचा होता. आता दोनशे सत्तर. काय झालं होतं?"

"बाबा गेले," ग्लेनिस म्हणाली.

"तेवढ्याने माणसाला इतका घाबरत नाही तो."

ग्लेनिसने काट्यावर पडलेलं एक पीस उचललं. बाईंनी ताणलं नाही. "हात पुढे करू नका. बघूसुद्धा नका त्याच्याकडे. समोर दोन डोळे रोखलेले दिसले की त्याला शिकारीच वाटतो. वाटी ठेवा आणि पाठ करून बसा. केव्हा यायचं ते त्याला ठरवू द्या."

मग ती रोज बसू लागली. शाळेची दुपारची फेरी संपली की बस अंगणात लावायची, वाटीत सूर्यफुलाच्या बिया घालायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बटाटे सोलायचे. मागे काही हालचाल नाही. गुरुवारी तिला शिंक आली, तर गस पिंजऱ्याच्या जाळीवर असा आदळला की दोन पिसं तिच्या पायाशी येऊन पडली. शुक्रवारी तो दोन दांड्या खाली उतरला होता. शनिवारी पुन्हा वरच.

रविवारी ट्रेव्हर आला. एका हातात लहान पिंजरा, खांद्यावर गाडीतला पांढरा टॉवेल.

"पडदे ओढ. अंधारात हे उडत नाहीत. टॉवेल टाकायचा की झालं. दोन मिनिटांचं काम."

मागे जाळी खडखडली. ग्लेनिस दारातच उभी राहिली.

"टॉवेल गाडीत ठेवून ये."

"अगं, पण..."

"ठेवून ये, ट्रेव्ह."

तो गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. तेव्हा ती सांगू लागली. आवाज नेहमीसारखाच, बसमधल्या पोरांना थांबा सांगावा तसा. त्या सकाळी बाबा खुर्चीत गेलेले होते आणि गस त्यांच्या छातीवर बसला होता. ॲम्ब्युलन्समधल्या दोघीजणी जवळ आल्या की पंख पसरून चोच उघडायचा. दोन मिनिटं द्या, म्हणाली ती. मागून गेली आणि गसवर न्हाणीघरातला टॉवेल टाकला. त्याने बाबांचा स्वेटर नखांनी धरून ठेवला होता. तिने एकेक नख सोडवलं नाही. ओढला.

"किती ओरडला ते तुला सांगू शकत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस, शांत गेले का? शांतच गेले ते. त्यांना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा माझे दोन्ही हात ह्याला धरण्यात अडकलेले. मी त्यांना हातसुद्धा लावला नाही."

ट्रेव्हरने टेबलाची दुसरी खुर्ची ओढली. "मी कुठे बसू?"

"भिंतीकडे तोंड करून."

दोघं शेजारी शेजारी बसले, एकाच बाकावरच्या प्रवाशांसारखे. हातातला चहा निवला. भिंतीवर घड्याळ नव्हतं. नुसता रंग न उडालेला एक चौकोन होता, तिथे कधीकाळी काय टांगलेलं होतं ते दोघांनाही आठवेना. ट्रेव्हरला कामं होती, तरी तो उठला नाही.

जाळीवर नखं वाजली. थांबली. पुन्हा वाजली, जरा खालून.

मग कडकन काहीतरी फुटलं, आणि बीचं एक टरफल फरशीवर पडलं.

ट्रेव्हरची मान वळू लागली.

"नको," ग्लेनिस ओठांतल्या ओठांत म्हणाली.

दोघं भिंतीकडे बघत राहिले. दुसरं टरफल पडायला बराच वेळ लागला.