शून्यावरचा काटा

मुंबईहून आलेल्या नव्या रेग्युलेटरचा कागद जानरावांनी हात साबणाने दोनदा धुऊन आणि उन्हात कोरडे करूनच सोडला. प्राणवायूच्या सिलिंडरवर बसणाऱ्या त्या पितळी यंत्राला तेलाचा अंशही चालत नाही. दाबाखालचा प्राणवायू तेलाला भेटला की आग लावायला काडीची गरज उरत नाही. त्यांनी सिलिंडरची चावी क्षणभर उघडून तोंडातली धूळ उडवून दिली, धुतलेल्या पांढऱ्या फडक्याने दोन्ही आटे पुसले, नट हाताने बसवून मग पान्याने आवळला आणि दाबाचा स्क्रू पूर्ण सैल केला. नंतर दाब दाखवणाऱ्या दोन तबकड्यांच्या समोरून बाजूला होऊन चावी हळूहळू उघडली. सांध्यावर साबणाचे पाणी लावले. एकही बुडबुडा आला नाही. चावी बंद करून नळीतला वायू सोडून दिला, तेव्हा दोन्ही तबकड्यांवरचे काटे शून्यावर येऊन थांबले. जानरावांनी वहीत तारीख घातली, एकोणीसशे एकसष्टच्या ऑक्टोबरमधली, आणि समोर लिहिले, ‘ठीक’.

अकोल्याला मूर्तिजापूर रस्त्यावरच्या त्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हे काम पूर्वी अब्दुल गफ्फार उस्तादांचे होते. जानरावांना ते त्यांनीच शिकवले. आदल्या वर्षी दसरा शुक्रवारी आला. सगळी हत्यारे पूजेसाठी पाटावर मांडली गेली, आणि नमाजाला निघताना उस्ताद म्हणाले, “जान्या, मेरे सेट को किसी का हात मत लगने दे.” जानरावांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून पूजा सोडली होती, आणि त्यावरून त्या सकाळीच दोनचार टोमणे ऐकले होते. म्हणून सरकी वेचणाऱ्या बायकांची मुकादम मनकर्णा तेलात कालवलेले कुंकू घेऊन पाटाशी आली, तेव्हा आणखी एक वाद नको, या विचाराने ते गप्प राहिले. तिने सगळ्या हत्यारांना बोट लावले; रेग्युलेटरच्या उघड्या तोंडालाही. ती वळताच जानरावांनी ते पुसून काढले. परत आल्यावर उस्तादांनी विचारले, “पोंछा?” जानराव म्हणाले, “हाव.” उस्तादांनी रेग्युलेटर चढवला आणि चावी उघडली. भडका उडाला. तिसऱ्या दिवशी इस्पितळात ते वारले.

चौकशीत जानरावांनी तेच सांगितले: पुसले होते. ते खरे होते. कोणत्या फडक्याने, हे कोणी विचारले नाही. तिथे धुतलेले फडके होते आणि यंत्रे पुसायची चिंधीही होती, आणि त्यांपैकी आपल्या हातात काय आले होते हे वर्षभर रोज आठवून पाहूनही जानरावांना आठवत नव्हते.

नवा रेग्युलेटर बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोली उघडली, तेव्हा उजव्या, म्हणजे नळीतल्या दाबाच्या तबकडीचा काटा शून्याच्या दोन रेघा वर होता.

चावी बंद होती, स्क्रू सैल होता, नळी रिकामी होती. जानराव घाबरणाऱ्यांतले नव्हते. तिरपे पाहिले की काटा सरकलेला दिसतो, म्हणून ते अगदी समोरून पाहून आले. खिडकीतल्या उन्हाने पितळ तापले असेल म्हणून खिडकी लावून अर्धा तास थांबले. काटा तिथेच होता. मग त्यांनी नत्थुजीला हाक मारली. उस्तादांच्या जागी तेल्हाऱ्याहून आलेला हा वेल्डर बडबड्या होता, पण कामात चोख होता.

“किती दाखवते?”

नत्थुजीने वाकून पाहिले. “शून्य.”

“नीट पाहा.”

“बाप्पा, याहून नीट पाह्याले आता दुर्बीण आना लागते. शून्य हाये जानरावजी.”

जानरावांनी पुन्हा पाहिले. दोन रेघा.

त्या दुपारी त्यांनी रेग्युलेटर सिलिंडरवरून उतरवून स्वच्छ पाटीवर ठेवला. आता त्याला दाब देणारे जगात काही नव्हते. काटा वर चढला, थांबला, खाली आला, पुन्हा चढला. त्यांनी उघड्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा धरला. पडदा बाहेर फुगला, मग आत खोल गेला, मग पुन्हा फुगला, न फुटता. समोर घड्याळ धरून त्यांनी मोजले. मिनिटाला अठरा. बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आले की ती चाल आपल्याच छातीची आहे. त्यांनी श्वास रोखला. पडदा सपाट झाला आणि काटा शून्यावर आला. त्यांनी श्वास सोडला, आणि काटा हलला.

ही गोष्ट ते कोणालाच सांगू शकत नव्हते. एवढेच सांगू शकत होते की रेग्युलेटर सदोष आहे. मॅनेजर स्वतः पाहायला आले. त्यांनाही शून्यच दिसले.

“कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या आहेत,” ते म्हणाले. “प्रेसच्या दाराचं बिजागर तुटून पडलंय. उद्या ते जोडायला हवं. तुम्ही सही देत नसाल तर नत्थुजी देईल.”

“हाव, मी देतो ना,” नत्थुजी म्हणाला. मॅनेजर गेल्यावर त्याने आवाज उतरवला. “जानरावजी, तुमी उस्तादचं मनाले लावून घेतलं. वर्स झालं आता. तुमी पुसलं होतं ना?”

जानरावांनी मनाशी हिशेब मांडला. काट्याचे खरे धरावे, तर उद्या चावी उघडणारा हा माणूस उस्तादांसारखाच जळणार होता. काट्याचे खोटे धरावे, तर आपले डोळे खोटे ठरत होते. आणि त्या दसऱ्याला हातातले फडके ज्यांनी पाहिले, तेही हेच डोळे. सगळे गणित मांडून झाल्यावर उरली ती एकच गोष्ट, श्वास रोखला की काटा शून्यावर येतो, जी त्यांनी आठ वेळा तपासली होती आणि आठही वेळा खरी निघाली होती.

सकाळी नत्थुजीने आटे पुसले. फडके जानरावांनी स्वतः धुऊन, वाळवून आणले होते. नट बसला, स्क्रू सैल झाला. जानराव तबकडीसमोर स्टूल घेऊन बसले.

“समोर नोका बसू, तुमीच शिकवता ना?” नत्थुजी म्हणाला.

जानरावांनी हाताने, उघड, अशी खूण केली आणि छातीभर श्वास घेऊन तो रोखला.

चावी उघडली. डावा काटा संथपणे वर चढला. उजवा शून्यावर राहिला आणि नत्थुजीने स्क्रू फिरवला तेव्हाच, फिरवला तेवढाच, हलला. वेल्डिंगच्या टॉर्चची ज्योत निळी झाली.

“पाहा! खाल्लं का मले कोनी?” नत्थुजी हसला. “तोंड कावून असं करून राहिले? बोला ना.”

जानराव बोलू शकत नव्हते. बिजागराचा पहिला थर पडेपर्यंत आपण कसेबसे टिकू असे त्यांना वाटले होते. पहिला थर पडला. छातीतली कळ एकदा फार वाढली, आणि मग पाठीमागचे दार कोणीतरी हळूच लोटून घ्यावे तशी बंद झाली. नत्थुजी दुसऱ्या थराला लागला होता. काटा ठेवला तिथेच होता.

जेवणाचा भोंगा झाला. नत्थुजी म्हणाला, मधे थांबलो तर सांधा थंड होईल, संपवूनच उठतो. मनकर्णा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने तो जानरावांसमोर धरला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. ती जायला वळली, मग थांबली आणि त्यांच्या सदऱ्याच्या जराही न हलणाऱ्या गुंड्यांकडे बराच वेळ पाहत राहिली.

“भाऊ,” ती हलकेच म्हणाली, “बरं हाये ना तुमाले?”

त्यांनी मान डोलावली. तिने तांब्या तिथेच जमिनीवर ठेवला आणि ती लगबगीने बाहेर गेली. नंतर दिवसभर त्या खोलीकडे कोणी बाई फिरकली नाही.

चार वाजता बिजागर जोडून झाले. नत्थुजीने चावी बंद केली, नळीतला वायू सोडला, स्क्रू सैल केला. दोन्ही काटे शून्यावर आले. “घ्या. तुमच्याच हातानं लिवा आता,” असे म्हणून त्याने वही जानरावांच्या मांडीवर ठेवली आणि तो हात धुवायला गेला. त्याचे गुणगुणणे नळापर्यंत ऐकू येत होते.

जानरावांनी ‘ठीक’ लिहिले. अक्षर नेहमीसारखेच आले. तबकडीकडे त्यांनी अगदी समोरून पाहिले, उन्हाची तिरीप हाताने अडवून पुन्हा पाहिले. माणूस सुखरूप होता. आता रोखलेला श्वास सोडायला हरकत नव्हती. त्यांनी ओठ विलग केले आणि श्वास येण्याची वाट पाहत ते स्टुलावर तसेच बसून राहिले.